भिंतीवरची बंदूक आणि नवे काडतूस

वारसाहक्काने आलेली जुनी बंदूक भिंतीवर टांगलेली असते तोवर निरुपद्रवी असते. तिच्यात नवे काडतूस शिरले, की प्रश्न प्रतिष्ठेचा राहत नाही, लोखंडाच्या सहनशक्तीचा होतो. पिढ्यान्‌पिढ्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे अनुभवाचे बोल म्हणूनच परवानाधारकांनी समजून घेण्यासारखे आहेत.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावांत भात पोटरीला आले, की रानडुकरांचे कळप शेतात उतरू लागतात. बागायतीत माकडांचा उपद्रव असतोच. शेतीच्या संरक्षणासाठी म्हणून घेतलेली ठासणीची बंदूक कोकणातील कित्येक घरांत आजही सांभाळून ठेवलेली आढळते. काही घरांत तिच्याबरोबर एखादी विलायती दुनळीही असते. आजोबांच्या पश्चात मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या नातवाच्या नावावर परवाना होतो आणि ज्याने आयुष्यात कधी चाप ओढलेला नाही, अशा माणसाच्या हाती शंभर वर्षांचे यंत्र येते. ते चालते का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. जाणत्या कारागिराचा पहिला प्रश्न निराळा असतो. ते चालवावे का?

या दोन प्रश्नांतील अंतर ज्याला कळत नाही, त्याची बोटे, डोळे, प्रसंगी प्राणही धोक्यात येतात.

नळी म्हणजे नुसता पाइप नव्हे

चाप ओढला की घोडा सुटतो, काडतुसाच्या बुडातील टोपीवर आघात होतो, ठिणगी दारूपर्यंत पोहोचते आणि दारूचा वायू होतो. तो वायू छऱ्यांना पुढे ढकलतो, पण त्याच वेळी नळीला चहूबाजूंनी आणि मागच्या बंद तोंडालाही तेवढ्याच जोराने रेटतो. बारा बोअरच्या आजच्या साध्या काडतुसासाठी युरोपीय मानकांनी घालून दिलेली दाबाची कमाल मर्यादा वातावरणाच्या दाबाच्या सातशे पटींहून अधिक आहे. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब वातावरणापेक्षा दोन-सव्वादोन पटींनीच अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. हा दाब सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, पण नळी फुटायला तेवढा वेळ पुरेसा होतो.

एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या अनेक बंदुकांच्या नळ्या आजच्यासारख्या अखंड पोलादाच्या नसत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून आणि तापवून ठोकून जोडलेल्या असत. त्यांवर पाण्याच्या लहरींसारखी सुरेख नक्षी उमटे. बाजारात या नळ्यांना ‘दमास्कस’ म्हणत. बेल्जियममधील लिएज हे शहर त्यांसाठी प्रसिद्ध होते. दमास्कसच्या ज्या तलवारी इतिहासात गाजल्या त्यांचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून जाई. या नळ्यांशी त्याचा संबंध नावापुरता आणि नक्षीपुरता. पिळाच्या नळीत पट्ट्यांचे शेकडो सांधे असतात. त्यांपैकी एखाद्या सांध्यात राहून गेलेला मळ किंवा आतल्या आत पसरलेला गंज बाहेरून दिसत नाही. वरून चकचकीत असलेली नळी आतून पोखरलेली असू शकते.

त्यात भर दारूतील फरकाची. या बंदुका घडल्या तेव्हा सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू वापरात होती. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि काही दशकांत तिने काळ्या दारूची जागा घेतली. नवी दारू वजनाच्या मानाने कितीतरी अधिक शक्तिमान असते. शिवाय ती जितकी कोंडली जाते तितकी अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळल्यामुळे दाब आणखी वाढतो. काळ्या दारूच्या हिशेबाने घडवलेल्या नळीने हा भार सोसावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

नळीवरचे शिक्के वाचावेत

सुदैवाने जुनी विलायती बंदूक आपली कुंडली अंगावरच वागवत असते. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार उडवून तिची परीक्षा घेतली जाई आणि उत्तीर्ण झालेल्या नळीवर शिक्का मारला जाई. नळी लाकडी भागापासून वेगळी केली, की तिच्या बुडाच्या सपाट बाजूवर हे शिक्के दिसतात. बिनधुराच्या दारूची परीक्षा झालेली असेल तर तसा वेगळा शिक्का असतो. तो नसेल, तर ती बंदूक आधुनिक काडतुसासाठी नाही, असेच समजावे.

मात्र शिक्का म्हणजे कायमचे अभयपत्र नव्हे. परीक्षा झाली त्या दिवशी नळीची जाडी होती तेवढी आज आहे का, हे महत्त्वाचे. गंजाचे खड्डे काढण्यासाठी कोणी आतून घासून नळी गुळगुळीत केली असेल, तर ती दिसायला सुंदर झाली तरी भिंतीने पातळ झालेली असते.

पाच मिलिमीटरचा फरक

अनुभवी कारागीर ज्या चुकीबद्दल सर्वाधिक बजावतात, ती डोळ्यांना दिसत नाही. बारा बोअरच्या जुन्या बंदुकांत काडतूस बसण्याची जागा, म्हणजे घर, साधारणतः ६५ मिलिमीटर लांबीचे असे. पुढे ७० मिलिमीटरची काडतुसे रूढ झाली. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून त्याचे तोंड उलगडल्यानंतरची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्याने ते प्रत्यक्षात आखूड असते. परिणामी ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या घरात सहज बसते. बंदूक बंद होते आणि मालकाला वाटते, की सारे ठीक आहे.

बार उडताना मात्र दुमडलेले तोंड उलगडायला जागा मिळत नाही. जेथे नळी अरुंद होऊ लागते, तेथे ते जाऊन अडते, छऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब एकदम वाढतो. पहिल्या बाराला बंदूक फुटेलच असे नाही. खांद्याला जोराचा धक्का बसतो, बिजागरीचा सांधा ढिला होतो आणि दहाव्या किंवा पन्नासाव्या बाराला हिशेब चुकता होतो. म्हणूनच ‘बसले म्हणजे चालले’ हा नियम या धंद्यात सर्वांत घातक मानला जातो. घराची लांबी मापकाने मोजून घेणे हे परवानाधारक कारागिराचे काही मिनिटांचे काम आहे.

बोअरच्या घोटाळ्याची कथाही अशीच. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास होईल, तो बारा बोअर, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. त्याच हिशेबाने वीस बोअर लहान असते. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले, तर ते घरातून पुढे घसरून मध्येच अडकते. मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी वाटते. त्याने बारा बोअरचे काडतूस घालून चाप ओढला, की दोन्ही एकमेकांवर फुटतात. अमेरिकेत वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा यासाठीच पडली. एका घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर त्यांची काडतुसे एका कपाटात, एका खिशात कधीही नसावीत.

कुंभारणीचे घर

नळी फुटण्यामागे दर वेळी दारूच असते असे नाही. कुंभारीण माशी भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधते, तशीच ती टांगून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीतही बांधते. बांधावरून उडी मारताना नळीचे तोंड चिखलात रुतते. साफसफाई करताना चिंधीचा तुकडा आत राहतो. वेगाने येणारे छरे अशा क्षुल्लक अडथळ्यावर आदळले, की त्यांच्यामागून रेटणाऱ्या वायूला वाट उरत नाही आणि नेमक्या त्या जागी नळी फुगते किंवा चिरते. नळीवर बांगडीसारखा फुगवटा हाताला लागला, तर तो अशाच एखाद्या जुन्या अपघाताचा पुरावा असतो. ती नळी पुन्हा वापरू नये.

तेव्हा बंदूक हाती घेतली, की प्रथम ती उघडून रिकामी असल्याची खात्री करावी आणि मग नळीतून उजेडाकडे पाहावे, हा क्रम कधीही मोडू नये. निरोगी नळीत प्रकाशाची वर्तुळे एकात एक सरळ दिसतात. कोठे पोचा असेल तर तेथे वर्तुळ तुटते आणि सावली पडते.

ठासणीचे वेगळे शास्त्र

ठासणीच्या बंदुकीत मागून उघडण्याची सोयच नसते. दारू, बोळा आणि छरे सारे तोंडाकडून भरून गजाने ठासायचे. ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. जुन्या लोकांची युक्ती अशी, की रिकाम्या नळीत गज पूर्ण घालून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवायची. पुढे केव्हाही गज घातल्यावर खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे असे समजायचे. रानडुकरे केव्हा येतील याचा नेम नाही, म्हणून बंदूक भरूनच कोनाड्यात ठेवण्याची सवय काही ठिकाणी असते. ती सर्वांत वाईट. लहान मुलांच्या हाती ती पडण्याचा धोका आहेच, पण भरलेली काळी दारू दमट हवेत ओल शोषते, नळीला आतून खाते आणि ऐन वेळी दगा देते.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर मराठीत त्याला ‘फुसका बार’ म्हणून हसण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात तो क्षण हसण्याचा नसतो. ठिणगी आत धुमसत राहून काही सेकंदांनी बार उडू शकतो. अशा वेळी नळी निर्धोक दिशेला रोखून स्थिर धरावी. काडतुसाच्या बंदुकीत निदान अर्धा मिनिट आणि ठासणीच्या बंदुकीत निदान एक मिनिट थांबावे. तोंडात डोकावून पाहणारा माणूस आपले डोके बंदुकीच्या स्वाधीन करत असतो.

आणि काडतुसे फोडून त्यांतील दारू ठासणीच्या बंदुकीत भरणे हा तर आत्मघातच होय. काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू ठासली, तर नळीचे तुकडे होतात.

गुंजेच्या निम्म्याचे माप

अमेरिकेत उडालेली पितळी काडतुसे पुन्हा भरण्याचा छंद घरोघरी जोपासला जातो. तेथील कायद्यालाही तो मान्य आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातील शिकारीही पितळी पुंगळ्या जपून ठेवून काळ्या दारूने पुन्हा भरत. आजच्या भारतात मात्र परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे आणि या कायद्यामागील व्यावहारिक कारण तेथील जुन्या जाणकारांच्या शिस्तीवरूनच उमगते.

तेथे दारू ‘ग्रेन’ या मापात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. एवढ्याशा वजनाच्या फरकाने दाब बदलतो. म्हणून तराजूखेरीज काम करायचे नाही, टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा ठेवायचा, उत्पादकाने छापलेल्या तक्त्यापलीकडे जायचे नाही, भरताना गप्पा मारायच्या नाहीत आणि प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहायचे, हे तेथील अनुभवी मंडळींचे नियम आहेत. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली, तर बंदूक फुटते. मुळीच पडली नाही, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. चाळीस वर्षे बिनचूक काम केलेल्या माणसालाही एकेचाळिसाव्या वर्षीची चूक माफ नसते. इतकी शिस्त जेथे आवश्यक, तेथे चमच्याने आणि अंदाजाने भरलेल्या काडतुसांचे काय होणार, हे सांगायला नको. कारखान्यातून आलेले, शाबूत पाकिटातील आणि बंदुकीशी जुळणारे काडतूसच वापरावे.

पावसाळ्याशी झुंज

महाराष्ट्रात जुन्या बंदुका फुटण्यापेक्षा गंजून अधिक मरतात. काळ्या दारूची जी काजळी नळीत राहते, तिच्यातील क्षार हवेतील ओल ओढून घेतात. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतूनही मिठासारखा क्षार मागे राहतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. तेव्हा काळ्या दारूचा बार उडवल्यावर नळी नुसती तेलाने पुसली, तर गंज तेलाखालीच वाढतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी वेगळी काढून ती प्रथम गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेलाचा हात फिरवावा, ही जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे.

घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल वापरण्याचा मोह टाळावा. थंडीत ते गोठते आणि कालांतराने चिकट होऊन कळ अडकवते. शिलाई मशीनला लावतात तसे पातळ खनिज तेल बरे, तेही पुसटसे. अति तेल झिरपून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लोखंडाशी जोडलेला लाकडाचा भाग मऊ पडून चिरतो. म्हणून तेल लावल्यावर बंदूक काही काळ तोंड खाली करून ठेवावी. चामड्याची पेटी किंवा कापडी गवसणी प्रवासापुरतीच वापरावी. पावसाळ्यात त्या ओल धरून ठेवतात आणि महिन्याभरात नळीवर तांबूस ठिपके उमटतात. काडतुसांना तेल लावू नये. कागदी काडतूस ओलीने फुगले असेल, तर ते बळाने बसवू नये.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हाही ही काळजी मालकानेच घ्यायची असते. जमा करण्यापूर्वी साफसफाई आणि परत मिळताच पुन्हा तपासणी झाली नाही, तर त्या काही आठवड्यांत वर्षांचे नुकसान होते.

कानाने ओळखणारे कारागीर

मडके घेताना टिचकी मारून त्याचा आवाज ऐकावा, तशी दुनळीची परीक्षा होते. लाकडी भाग काढून नळ्या एका बोटावर अधांतरी धरायच्या आणि हलकेच टिचकी मारायची. घंटेसारखा निनाद आला, तर दोन नळ्यांमधील झाळकाम शाबूत आहे. बद्द आवाज आला, तर कोठेतरी सांधा सुटला आहे आणि तेथून पाणी आत जात आहे. मग बंदूक बंद करून दिव्यासमोर धरायची. नळ्या आणि त्यांच्यामागची पोलादी भिंत यांच्या फटीतून उजेड दिसला, तर बिजागरी झिजलेली आहे.

चापाची परीक्षा तितकीच महत्त्वाची. शिकारी बंदुकीचा चाप साधारणपणे दीड ते दोन किलोच्या ओढीने सुटावा. ‘चाप जड लागतो, हलका करून द्या’ ही गिऱ्हाइकाची नेहमीची मागणी असते आणि अननुभवी माणूस आतील खाच कानशीने घासून ती पुरी करतो. असा चाप पुढे नुसत्या धक्क्यानेही सुटतो. गावातील लोहाराकडून वेल्डिंग करून घेणे हाही असाच उद्योग. त्या उष्णतेने झाळ वितळते आणि पोलादाचे पाणी उतरते.

बंगालचा नवाब मीर कासीम याने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात बिहारमधील मुंगेर येथे राजधानी हलवून शस्त्रांचा कारखाना उभारला. तेव्हापासून बंदुका घडवण्याची परंपरा तेथे टिकून आहे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. घडवण्याची विद्या अशी संस्थांनी सांभाळली. जुनी बंदूक तपासून ती वापरू नका असे सांगणारी विद्या मात्र दुकानातील थोड्या कारागिरांच्या डोळ्यांत, कानांत आणि बोटांत राहिलेली आहे. दुरुस्तीचे पैसे सोडून गिऱ्हाइकाला नकार देतो, तोच खरा जाणता, असे या धंद्यात मानले जाते.

कायदा काय सांगतो?

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार शस्त्र बाळगण्याप्रमाणेच त्याच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचाही परवाना देता येतो. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्वतंत्र अनुमती आवश्यक असते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणे आणि परवान्याविना नळी आखूड करणे यांची किमान शिक्षा सात वर्षे असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. बंदुकीवरील क्रमांक खोडलेला आढळला, तर तो बाळगणाऱ्यानेच खोडला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. गंजामुळे क्रमांक पुसट होऊ लागला असेल, तर पूर्ण दिसेनासा होण्याची वाट न पाहता ते प्रशासनाच्या नजरेस आणावे, हे शहाणपणाचे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. ‘आजोबांची आठवण’ म्हणून ते माळ्यावर ठेवणे हाही गुन्हाच ठरतो.

आजोबांची बंदूक परवान्यासह हाती आली, तर पहिले पाऊल काडतुसांच्या दुकानाकडे पडू नये. ते परवाना असलेल्या कारागिराच्या दुकानाकडे पडावे. शिक्के, घराची लांबी, नळीची जाडी आणि बिजागरी यांची तपासणी होऊ द्यावी. ‘ही आता उडवू नका’ असे उत्तर मिळाले, तर ते मुकाट्याने ऐकावे. शेतीसाठी बंदूक खरोखरच लागत असेल, तर रीतसर परवानगी घेऊन दुसरी, नव्या काडतुसाला योग्य अशी घ्यावी. जुन्या बंदुकीने आपल्या काळात शेत राखले. तिच्याकडून आज तेच काम करून घेण्याच्या हट्टापायी शेत राखणारा हात गमावण्यात शहाणपण नाही.